डोके दुखते आहे, एवढेच सांगायचे होते



या सदरात ‘आम्ही’ म्हणजे एकटे मास्तर, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. वर्गात मराठी आणि उर्दू शिकवता शिकवता ही सवय लागली, ती आता सुटत नाही. या महिन्यात मात्र गोष्ट दोघांची आहे, आमची आणि बेगमची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे हिमाचल प्रदेशातल्या कुल्लू जिल्ह्यात सर पास नावाच्या खिंडीकडे पायी गेलो होतो. खिंड सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. आम्ही ती ओलांडली नाही. नगारू नावाच्या शेवटच्या तळावरून, म्हणजे खिंडीच्या जेमतेम ४०० मीटर खालून आम्ही परत फिरलो.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांनी शेवटी बर्फातल्या फोटोची वाट पाहू नये. परत का फिरलो, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. चूक डोंगराची नव्हती, हवामानाची नव्हती, आयोजकांचीही नव्हती. चूक आमची, एकट्या मास्तरांची होती.

बेत ठरला तेव्हा म्हसळ्याहून अम्मींचा फोन आला. “या वयात मियाँ-बीवी दोघंच डोंगरात? पोरांना टाकून? पैसे साठले असतील तर उमऱ्याला जा.” अम्मींचे बोलणे अगदीच चुकीचे नव्हते. उमऱ्याचे पैसे आम्ही वेगळे ठेवले आहेत आणि त्यांना हात लावणार नाही, हे सांगितल्यावर त्या थोड्या नरमल्या. पोरांचे म्हणाल तर मुलीची बारावीची परीक्षा झाली होती आणि मुलगा आठवीत जाणार होता. दोघे पनवेलला नानीकडे राहायला एका पायावर तयार होती. शेवटी अम्मींनी ओव्याची पुडी आणि दुआ, दोन्ही पाठवले.

खरे तर ही कल्पना बेगमची होती. लग्नाला १९ वर्षे झाली. त्यातली पहिली १० वर्षे मुलांमागे गेली, नंतरची काही सासऱ्यांच्या आजारपणात. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना “साखर काठावर आहे, चालायला लागा” असे सांगितले. तेव्हापासून फजरच्या नमाजनंतर आम्ही दोघे नेरूळमध्ये फिरायला जाऊ लागलो. रस्ता कमी पडू लागला तसे बेलापूरच्या पारसिक टेकडीवर, मग खारघरच्या डोंगरावर आणि एका रविवारी कर्नाळा किल्ल्यावर गेलो. गेल्या हिवाळ्यात बारी गावातून कळसूबाई चढलो. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. शिड्या चढून वर पोचल्यावर बेगम म्हणाल्या, “आता बर्फ बघायचा.” इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी फारसे काही मागितले नव्हते. आम्ही हो म्हणालो.

तयारी दोन महिने केली. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि जुनी क्रमिक पुस्तके भरून आठवड्यातून चार दिवस इमारतीचे सात मजले चढायचे आणि उतरायचे. शेजारी विचारायचे, “मास्तर, लिफ्ट बंद आहे का?” नवे बूट घेतले आणि पाय सोलू नयेत म्हणून महिनाभर वापरून मऊ केले. डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घेतला. सगळे ठीक होते. आमची छाती फुगली आणि गडबड तिथूनच सुरू झाली.

आपण सह्याद्रीत फिरणारी माणसे एका गैरसमजात राहतो. दम चांगला असला, पाय मजबूत असले, की कुठलाही डोंगर आपला, असे आपल्याला वाटते. सह्याद्रीत ते बरेचसे खरेही आहे, कारण उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो आणि आपल्याकडे तेवढा उंच डोंगरच नाही. कळसूबाईवर दमलेला माणूस नुसता दमलेला असतो. हिमालयात मात्र दमणे वेगळे आणि उंची लागणे वेगळे.

हवेत ऑक्सिजनचा वाटा सगळीकडे सारखाच, साधारण २१ टक्के असतो. वर जावे तसा हवेचा दाब मात्र कमी होतो, हवा विरळ होते आणि प्रत्येक श्वासात हाती लागणारा ऑक्सिजन घटतो. नगारूच्या ३,८०० मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असतो. ५,५०० मीटरवर तर निम्माच. शरीर याची सवय करून घेते. श्वास जलद होतो, लघवी वाढते, रक्तात हळूहळू बदल होतात. पण या सवयीला दिवस लागतात, आणि किती दिवस लागतील हे व्यायामावर ठरत नाही. रोज धावणाऱ्या तरुणाला उंची लागू शकते आणि त्याच्या शेजारच्या स्थूल काकांना काहीच होत नाही. उलट धडधाकट माणूस भरभर वर जातो, त्यामुळे त्याला जास्त सांभाळावे लागते.

हे सगळे आम्ही वाचून गेलो होतो. पुढची वहीसुद्धा लिहिली होती: ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, डोके दुखत असताना वर जाऊ नये. मास्तरांची वही नेहमीच व्यवस्थित असते.

पनवेलहून गाडीने चंदीगड, तिथून रात्रीच्या बसने भुंतर आणि पुढे पार्वती नदीच्या काठाने कसोल. कसोलची उंची सुमारे १,६०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईएवढी. तिथे एक दिवस सवयीसाठी थांबलो. तुकडीत तीसेक जण होते. बहुतेक पंचविशीतले, चाळिशीपुढचे आम्ही दोघेच. स्वयंपाक शाकाहारी असल्यामुळे हलालचा प्रश्न आला नाही. राजमा-चावल, खिचडी, दलिया, आणि चहा पाहिजे तेवढा.

नमाजबद्दल वाचक विचारतील म्हणून सांगतो. प्रवासात कसरची सवलत आहे. तिचे तपशील आपापल्या मसलकाप्रमाणे इमाम साहेबांकडून आधीच समजून घ्यावेत. गोठवणारे पाणी आणि तयम्मुम यांबद्दलही विचारून घ्यावे, ऐन वेळी वाद नको. किब्ल्याची एक गंमत तिथे कळली. आपल्याकडे मुंबईत किब्ला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला असतो. हिमाचलात तो पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला येतो. होकायंत्र हातात घेऊन आम्ही बराच वेळ नवल करत होतो.

आणखी एक गंमत ‘सर’ या शब्दाची. उर्दूत सर म्हणजे डोके. मराठीत गड सर करतात, आणि वर्गातली पोरे आम्हाला सर म्हणून हाक मारतात. तिथे मात्र सर म्हणजे तलाव. खिंडीजवळ बर्फात गोठून राहणारे एक छोटे तळे आहे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. पहिल्या दिवशी आम्ही हे सगळ्या तुकडीला शिकवून टाकले. तिसऱ्या दिवशी त्यातला उर्दू अर्थ तेवढा उरला.

पहिला मुक्काम ग्रहण गावात, उंची सुमारे २,३५० मीटर. लाकडी घरांचे ते वाटेवरचे शेवटचे गाव. दुसरा मुक्काम मिन थाच, सुमारे ३,४०० मीटर. ‘थाच’ म्हणजे मेंढ्या चारण्याचे डोंगरावरचे कुरण. म्हणजे त्या एका दिवसात शरीराला हजार मीटर वर नेले. काही कार्यक्रमांत या दोन्हींच्या मध्ये आणखी एक मुक्काम असतो, आमच्या कार्यक्रमात नव्हता. आणि तो कार्यक्रम निवडला कोणी? सुट्टीचा एक दिवस वाचतो म्हणून आम्हीच.

मिन थाचला संध्याकाळी डोक्यात ठणका सुरू झाला. तो कपाळापासून मानेपर्यंत जात होता. म्होरक्याने सगळ्यांना गोल बसवून विचारले, “कोणाचं डोकं दुखतंय? मळमळतंय? लाजू नका.” दोन पोरांनी हात वर केले. आम्ही केला नाही. वर्गात हात वर करायला लावणारे आम्ही, पंचविशीच्या पोरांपुढे कसा करणार? तंबूत येऊन गुपचूप पॅरासिटामॉलची गोळी घेतली. ठणका थोडा कमी झाला आणि आम्हाला वाटले, निभावले. खरे तर गोळीने फक्त दुखणे झाकले होते.

दुसऱ्या दिवशी नगारू. वाट चढाची, शेवटी बर्फ. तळ एका धारेवर आहे, तिथे वारा तंबूला नुसता हलवत असतो. समोर पसरलेली शिखरे पाहून बेगम लहान मुलीसारख्या बर्फात बसल्या. त्यांना काहीच त्रास नव्हता. आम्ही हसलो, त्यांचा फोटो काढला आणि आत जाऊन दुसरी गोळी घेतली.

जेवणानंतर चहा आला. आम्ही कप तसाच ठेवला. बेगमनी विचारले, “चहा का ठेवला?”

“गार झाला.”

“तुम्ही गार चहासुद्धा सोडत नाही.”

“थकवा आहे. झोपलं की जाईल.”

रात्री अकराच्या सुमाराला तंबूबाहेर जाऊन उलटी झाली. आत आलो तर बेगम बॅटरी लावून बसलेल्या.

“कधीपासून?”

“आत्ताच.”

“खरं सांगा.”

“मिन थाचपासून.”

त्या ओरडल्या नाहीत. कानटोपी घातली, बूट चढवले आणि म्होरक्याला बोलावून आणले. तो विशीतला पहाडी तरुण. त्याने शांतपणे प्रश्न विचारले. बर्फ साफ करून एक सरळ रेघ ओढली आणि तिच्यावरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितले. तोल गेला नाही, बोलणे स्पष्ट होते, बसल्या जागी धाप नव्हती. हे पाहून तो जरा सैल झाला. बोटाला ऑक्सिमीटर लावला, पण म्हणाला, “मास्टरजी, या आकड्यापेक्षा तुम्ही काय सांगता ते महत्त्वाचं. इथे बोटं गार असली की आकडाही खोटं बोलतो.” मग निकाल दिला. पहाटे तीनला तुकडी खिंडीकडे निघेल, आम्ही जाणार नाही. उजाडले की माणूस बरोबर घेऊन खाली. त्याआधी त्रास वाढला, तर रात्रीच खाली.

तंबूतून बाहेर पडताना तो एक वाक्य बोलला, ते अजून टोचते. “काल सांगितलं असतंत, तर मिन थाचलाच एक दिवस थांबवलं असतं. उद्याच्या तुकडीबरोबर दोघंही निघाला असतात.”

म्हणजे डोकेदुखीने खिंड गेली नव्हती. ती न सांगण्याने गेली. आणि ती आमच्या एकट्याची गेली नव्हती.

आम्ही बेगमना म्हणालो, “तुम्ही जा. तुकडीत मुली आहेत, सोबत आहे. आमच्याबरोबर खाली यायला माणूस आहेच.”

“त्या माणसाला तुमचं खोटं ओळखता येत नाही,” त्या म्हणाल्या आणि स्लीपिंग बॅगची साखळी ओढून घेतली.

पहाटे तुकडी निघाली. बर्फावर दिव्यांची रांग वर सरकत होती. बेगम तंबूच्या दारात उभ्या राहून ती रांग दिसेनाशी होईपर्यंत पाहत होत्या. आम्ही आतून त्यांची पाठ पाहत होतो. कसोलला शिकवलेला ‘सर’ शब्दाचा धडा आठवून स्वतःचीच शरम वाटली.

सकाळी उतरायला लागलो. उंचीच्या त्रासावर उतरणे हाच खरा उपाय आहे. बहुतेकांना ३०० ते १,००० मीटर खाली आले की आराम पडतो. मिन थाचला पोचेपर्यंत डोके निम्मे उतरले. ग्रहणला पोचलो तेव्हा भूक लागली होती. पण आम्ही मोकळे झालो तेव्हा बेगम मागे पडू लागल्या होत्या. त्या आडव्या पावलांनी, काठीवर भार देऊन उतरत होत्या.

“गुडघा?” आम्ही विचारले.

“कर्नाळ्यापासून दुखतोय. उतारावर जास्त.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही बेत रद्द केला असता.”

रागवायला आम्हाला तोंडच नव्हते. ग्रहणमध्ये एका घराच्या लाकडी ओट्यावर आम्ही दोघे बसलो, एकाचे डोके आणि एकाचा गुडघा घेऊन. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बेगमनी अब्बांची आठवण काढली.

आमच्या धाकट्या बहिणीच्या निकाहच्या दोन दिवस आधीपासून अब्बांच्या छातीत दुखत होते. घरात पाहुणे होते, मांडव पडला होता. त्यांनी कोणाला सांगितले नाही. अम्मींना फक्त “पित्त झालंय” म्हणाले. निकाह नीट पार पडला. वलीम्याच्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात नेले, पण उशीर झाला होता. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. लोक आजही म्हणतात, “केवढा सबर होता त्यांच्यात.” आम्हीही वर्षानुवर्षे तसेच म्हणत आलो. त्या ओट्यावर पहिल्यांदा मनात आले, तो सबर होता की सवय? आणि तीच सवय आम्ही अब्बांकडून घेऊन डोंगरावर गेलो होतो का?

आपल्या घरांत दुखणे लपवणे हा मोठेपणा समजला जातो. पुरुष लपवतो, कारण तो घराचा आधार. बाई लपवते, कारण आपल्यामुळे कोणाचे काम अडू नये. सबर म्हणजे दुखणे सोसताना तक्रार आणि नाशुक्री न करणे, असे आम्हाला शिकवले गेले. जे सांगितल्यावर इलाज होऊ शकतो ते लपवणे म्हणजे सबर, असे कोणत्या उस्तादांनी शिकवले ते आठवत नाही.

अशा वेळी सीरतमधला एक प्रसंग डोळ्यांपुढे येतो. आमच्या गोष्टीशी त्याची तुलना करण्याची आमची लायकी नाही, फक्त धडा घेतो. हिराच्या गुहेत पहिली वही आल्यानंतर हुजूर सल्ल. डोंगर उतरून थरथरत घरी आले, आणि मनातली भीती त्यांनी बीबी खदीजा रजि. यांना सांगितली. त्यांनी आधी पांघरूण दिले, मग धीर दिला, मग आपले जाणते चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. ज्यांच्यापेक्षा मोठे कोणी नाही, त्यांनी आपली भीती पत्नीपासून लपवली नाही. आम्ही मात्र डोकेदुखी लपवली.

घरी आल्यावर पुढची परीक्षा होती. फोनमध्ये नगारूचा एक फोटो आहे. दोघे बर्फात उभे, मागे पांढरी शिखरे. बघणाऱ्याला तो खिंडीतलाच वाटेल. शाळेच्या गटात सगळे विचारत होते, “सर, सर झाला का?” बोट फोटोपर्यंत गेलेही होते. तेव्हा २०१६ सालची बातमी आठवली. पुणे पोलिस दलातल्या एका दांपत्याने एव्हरेस्ट चढल्याचा दावा केला होता. पुढे त्यांचे फोटो दुसऱ्याच गिर्यारोहकाच्या फोटोंवरून बनवल्याचे निघाले, आणि नेपाळ सरकारने दोघांवर १० वर्षांची बंदी घातली. नावे तेव्हा वर्तमानपत्रांत सर्वांनी वाचली आहेत, गीबत नको म्हणून इथे घेत नाही. त्यांचे खोटे एव्हरेस्टएवढे होते, आमचे नगारूएवढे झाले असते, एवढाच फरक. आम्ही फोटो टाकला आणि खाली लिहिले: “नगारू तळ, ३,८०० मीटर. इथून परत आलो.” बेगमनी वाचून मान डोलावली.

आता जी जोडपी अशा सफरीचा विचार करत असतील, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

१. निघण्याआधी दोघांनीही डॉक्टरांना भेटावे, एकाने दोघांच्या वतीने नव्हे. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदय, थायरॉइड यांपैकी काही असेल तर स्पष्ट सांगावे. उंचीची सवय लवकर व्हावी म्हणून ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी असते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगावे. झोपेच्या गोळ्या तिथे मनाने घेऊ नयेत.

२. कार्यक्रम निवडताना पैशांआधी मुक्कामांच्या उंचीचा तक्ता पाहावा. एका दिवसात मोठी उडी असेल तर मध्ये जास्तीची रात्र असलेला कार्यक्रम घ्यावा. सुट्टी कमी असेल तर कमी उंचीचा डोंगर निवडावा.

३. लक्षणे पाठ असावीत. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर, भूक मरणे किंवा भलताच थकवा, म्हणजे उंची लागली असे समजावे. तिथेच थांबावे, वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, फेसाळ थुंकी, तोल जाणे, असंबद्ध बोलणे, यांपैकी काही दिसले तर तो जीवावरचा धोका आहे. सकाळची वाट न पाहता सोबत घेऊन खाली उतरवावे. आजारी माणसाला एकटे कधीही खाली पाठवू नये.

४. भगिनींसाठी बेगमनी सांगितलेले: गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता आणि पाणी लवकर सुकवणारी विजार उत्तम. लांब बुरख्याचा घेर बर्फात भिजून जड होतो आणि पायात येतो. सुती हिजाबवर लोकरीची कानटोपी नीट बसते. पाळी आधीच किंवा उशिरा येऊ शकते, सामान आणि वापरलेले ठेवायला वेगळी पिशवी असू द्यावी, आणि नवऱ्याला सांगावे. “लाजू नका, तंबूत दुसरं कोण आहे?” हे त्यांचेच शब्द.

आणि सर्वांत आधीची गोष्ट, जी कुठल्याही यादीत नसते. निघण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना वचन द्यावे की रोज संध्याकाळी काय दुखते ते खरे सांगायचे, आणि सांगणाऱ्यावर दुसऱ्याने रागवायचे नाही. रागाच्या भीतीनेच तर लपवले जाते.

परत आल्यावर बेगमचा गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखवला. झीज थोडी आहे, व्यायाम दिला आहे, उतारावर गुडघ्याला पट्टा बांधायला सांगितला आहे. हेच कर्नाळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाले असते तर सहा महिने वाचले असते. आम्हीही छातीचा पट्टा लावून चालण्याची चाचणी करून घेतली. अब्बांचा इतिहास आतापर्यंत कुठल्याही डॉक्टरांना सांगितला नव्हता, तो या वेळी सांगितला.

बकरी ईदला म्हसळ्याला गेलो तेव्हा अम्मींनी विचारले, “एवढे पैसे घालवलेत. वर जाऊन काय मिळालं?” आम्ही सगळी हकीकत सांगितली, अब्बांच्या आठवणीसकट. अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, “मलासुद्धा डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही रे. रमजानच्या आधीपासून.”

पुढच्या आठवड्यात त्यांना पनवेलला आणून तपासले. मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया अल्हम्दुलिल्लाह नीट झाली.

खिंड आहे तिथेच आहे. पुढच्या मे महिन्यात गुडघा, डॉक्टर आणि अम्मी यांनी परवानगी दिली तर, इन्शाअल्लाह, पुन्हा जाऊ, आणि या वेळी जास्तीच्या एका रात्रीसह. तोवर फजरनंतरचे फिरणे चालू आहे. नेरूळच्या रस्त्यावर रोज एकमेकांना एक प्रश्न विचारतो, “आज काय दुखतंय?” बहुतेक दिवशी उत्तर “काही नाही” असेच येते. ते खरे आहे का, हे पाहायला आम्ही हल्ली चहाच्या कपाकडे बघतो.

वाचकांनीही आज घरात हा प्रश्न विचारून पाहावा, आणि उत्तर ऐकेपर्यंत जागचे हलू नये. दुआंमध्ये याद ठेवा.

खुदा हाफिज.